एडिसन : दिव्याआधी लाइट बिलाचा हिशेब मांडणारा माणूस

आज १८ ऑक्टोबर, थॉमस आल्वा एडिसनची पुण्यतिथी. ही तारीख नेमकी दिवाळीच्या आसपास येते. घराची साफसफाई निघालेली असते, जळलेले बल्ब काढून नवे आणायला कुणीतरी दुकानात जातं आणि तिथे गोंधळून उभं राहतं. ९ वॅट घ्यावा की १२? पिवळा की पांढरा? पिनचा की आट्याचा? आणि खोक्यावर डिमेबल लिहिलंय, त्याचे जादा पैसे कशाला द्यायचे?

हे प्रश्न आजचे वाटतात, पण साधारण दीडशे वर्षांपूर्वी एडिसनसमोर हेच प्रश्न होते, फक्त उलट्या बाजूने. त्याला दिवा विकत घ्यायचा नव्हता, विकायचा होता. बल्बचा शोध एडिसनने लावला, एवढं आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं आहे. विजेने चमकणारे दिवे त्याच्याआधीही होते. एडिसनने केलं ते असं की दिवा, तार, जनित्र आणि ग्राहकाचं बिल या चारही गोष्टींचा हिशेब एकाच कागदावर मांडला. ज्या दिवशी हा हिशेब तो विसरला, त्या दिवशी हरलाही. त्याचं आयुष्य या बाजूने बघण्यासारखं आहे.

रेल्वेत पेपर विकणारा पोरगा

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावी ११ फेब्रुवारी १८४७ रोजी एडिसनचा जन्म झाला. सात भावंडांतलं हे शेंडेफळ. पुढे घर मिशिगनमधल्या पोर्ट ह्यूरनला हललं. शाळा फार काळ लाभली नाही, आई नॅन्सीनेच घरी शिकवलं. लहानपणापासून कानाने कमी ऐकू येई आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

बाराव्या वर्षी पोरगा रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायला लागला. थोड्याच दिवसांत त्याने सामानाच्या डब्यात छोटं छपाईयंत्र बसवलं आणि स्वतःचं साप्ताहिक काढलं. १८६२ मध्ये एका स्टेशनमास्तरचं लहान मूल रुळावर आलं होतं, त्याला एडिसनने ओढून वाचवलं. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारयंत्र शिकवलं. त्या काळी तारेचं काम येणारा माणूस कुठल्याही गावी पोट भरू शकत असे. काही वर्षं एडिसन तसाच गावोगाव फिरला.

१८६९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं, सभागृहातली मतं विजेने मोजण्याच्या यंत्राचं. यंत्र उत्तम चालत होतं, पण घेणारा कुणी मिळाला नाही. मतदान झटपट उरकावं अशी सभासदांची इच्छाच नव्हती. एडिसनने यातून धडा घेतला. लोकांना जे हवं आहे आणि परवडतं आहे तेच करायचं, नुसती हुशारी दाखवायची नाही.

त्यानंतर न्यूयॉर्क, शेअर बाजाराचे भाव छापणारी यंत्रं, एका तारेवर चार संदेश पाठवण्याची युक्ती, मेरी स्टिलवेलशी लग्न, तीन मुलं. १८७६ मध्ये न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्क या खेड्यात त्याने प्रयोगशाळा थाटली आणि पुढच्याच वर्षी फोनोग्राफ काढून जगाला थक्क केलं.

जाड तार, बारीक तंतू

सप्टेंबर १८७८ मध्ये एडिसन कनेक्टिकटमधल्या अन्सोनिया गावी विल्यम वॉलेस यांचा कारखाना बघायला गेला. तिथे आर्क दिवे लखलखत होते. हे दिवे इतके प्रखर असत की चौकात किंवा कारखान्यात ठीक, पण स्वयंपाकघरात लावले तर डोळे दिपतील. घराघरात तेव्हा गॅसचे दिवे होते. गॅसच्या दिव्याची एक सोय लोकांच्या अंगवळणी पडली होती, चावी फिरवली की ज्योत कमी-जास्त व्हायची. म्हणजे प्रकाश मंद करण्याची हौस बल्बपेक्षाही जुनी आहे.

एडिसनने ठरवलं, या मोठ्या प्रकाशाचे लहान लहान तुकडे करायचे आणि ते घराघरात द्यायचे, तेही गॅसच्या तोडीच्या दरात.

इथे त्याच्या मदतीला आला फ्रान्सिस अप्टन. हा प्रिन्स्टन आणि बर्लिनमध्ये शिकलेला गणिती. त्याने हिशेब मांडला. त्या काळच्या इतर प्रयोगकर्त्यांच्या दिव्यांत जाड कांडी असे, तिचा रोध कमी. असा दिवा जास्त प्रवाह ओढतो. प्रवाह जास्त म्हणजे तारेत उष्णता जास्त, आणि ती वाया जाऊ नये म्हणून तार जाड हवी. तार तांब्याची, तांबं महाग. एक मोहल्ला उजळायचा तर तांब्यातच दिवाळं निघालं असतं. उलट दिव्यातला तंतू बारीक आणि जास्त रोधाचा ठेवला, विजेचा दाब थोडा वाढवला, तर तेवढाच प्रकाश कमी प्रवाहात मिळतो आणि बारीक तारेवर भागतं. आपल्याकडे लांबच्या शेतातल्या मोटरला बारीक वायर टाकली की वायर तापते आणि मोटर ओढत नाही. गोष्ट तीच आहे.

म्हणजे दिवा कसा हवा हे आधी कागदावर ठरलं आणि मग तसा तंतू शोधायला माणसं लागली. ऑक्टोबर १८७९ मध्ये कोळसा केलेला सुती दोरा हवा काढलेल्या काचेच्या फुग्यात बसवला, तो साडेतेरा तासांच्या आसपास जळला. २७ जानेवारी १८८० रोजी पेटंट मिळालं. त्याआधी, ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री, मेन्लो पार्कचे दिवे बघायला लोकांची झुंबड उडाली होती. पुढे दोऱ्याची जागा बांबूने घेतली. जपानी बांबूचा तंतू हजार तासांच्या पुढे टिकला.

इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान त्याच वाटेने चालत होता आणि त्याचा दिवाही १८७९ च्या सुरुवातीला लोकांनी पाहिला होता. दोघं कोर्टात भांडत बसले नाहीत, १८८३ मध्ये एकत्र कंपनी काढली. या दोन देशांची खूण आजही आपल्या होल्डरमध्ये दिसते. आट्याच्या बल्बच्या खोक्यावर ई२७ लिहिलेलं असतं, त्यातला ई एडिसनचा आणि २७ म्हणजे मिलिमीटरमध्ये आट्याचा व्यास. आपल्या बहुतेक घरांत असलेला पिनचा होल्डर बी२२, तो इंग्रजांच्या वळणाचा. दुकानात जाण्याआधी घरचा होल्डर बघून जा, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

पहिलं लाइट बिल

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजघर सुरू झालं. पहिल्या दिवशी सुमारे ४०० दिवे लागले. वीज ११० व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी. तारा जमिनीखालून टाकलेल्या.

वीज वापरली किती, हे मोजायचं कसं? एडिसनने मीटरही स्वतःच बनवला. एका बरणीत जस्ताच्या पट्ट्या आणि जस्ताचं द्रावण. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जायचं. महिनाअखेर माणूस येऊन पट्टी काढायचा, वजन करायचा आणि त्यावरून बिल. आजचा रीडिंगवाला हा त्याचाच वारस.

तेव्हाचा दिवा साधारण १०० वॅट खायचा आणि प्रकाश द्यायचा १६ मेणबत्त्यांएवढा. आजचा ९ वॅटचा एलईडी त्याच्या चौपटीहून जास्त उजेड देतो. आपण अजूनही दुकानात वॅट विचारतो, पण वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो ते. उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये लिहिलेलं असतं. जुना ६० वॅटचा बल्ब ७०० ल्युमेनच्या आसपास द्यायचा, चांगला ९ वॅटचा एलईडी ९०० च्या आसपास देतो. दोन खोकी हातात घ्या आणि ल्युमेनला वॅटने भागा. ज्याचा आकडा मोठा, तो बल्ब काटकसरी. बीईईचे स्टारही हेच सांगतात.

आता बिल बघा. ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास लावला तर वर्षाला साधारण ११० युनिट. ९ वॅटचा तेवढाच वेळ लावला तर साडेसोळा युनिटच्या आत. फरक ९३ युनिटचा, तोही एकाच बल्बमागे. बेळगावात हेस्कॉमचं बिल, कोल्हापुरात महावितरणचं, पणजीत गोव्याच्या वीज खात्याचं, इंदूर-बडोद्याचं आणखी वेगळं. ज्याने त्याने आपल्या बिलावरचा दर घालून गुणाकार करावा. ७ रुपये धरले तर साडेसहाशे रुपये वाचतात.

दिव्याच्या किमतीतही एडिसनचं धोरण दूरचं होतं. त्याने पुढे सांगितलेल्या हिशेबानुसार पहिल्या वर्षी एक दिवा बनवायला १ डॉलर १० सेंट लागत होते आणि तो विकायचा ४० सेंटला. दोन-तीन वर्षं तोटाच. पण खप वाढला, यंत्रं सुधारली, खर्च ४० सेंटच्या खाली आला आणि मागचा तोटा एका वर्षात भरून निघाला. आपल्याकडे २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत अशीच गोष्ट घडली. सरकारने एकगठ्ठा खरेदी केली, २०१४ मध्ये ३१० रुपयांना मिळणारा एलईडी बल्ब दोन-तीन वर्षांत सरकारला ३८ रुपयांना पडू लागला आणि ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघर पोचले.

जिथे हिशेब सुटला

डीसीचा एक मोठा दोष होता. वीजघरापासून मैलभराच्या पुढे ती नीट पोचत नसे. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने एसी आणली. एसीचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवता येतो, बारीक तारेतून लांब नेता येते, घराजवळ दाब पुन्हा उतरवता येतो. तांबं वाचवायचा एडिसनचाच हिशेब एसीने आणखी पुढे नेला होता. एडिसनच्या हाताखाली काही महिने काम करून गेलेला निकोला टेस्लाही एसीच्या बाजूचा.

पण आता एडिसन आकड्यांकडे बघायला तयार नव्हता. स्वतःच्या व्यवस्थेवर त्याचा जीव जडला होता. एसी माणसं मारते, असा प्रचार सुरू झाला. १८८८ मध्ये त्याच्याच प्रयोगशाळेत कुत्री, वासरं आणि घोडा एसीने मारून दाखवण्यात आले. १८९० मध्ये न्यूयॉर्क राज्यात विजेच्या खुर्चीत पहिली फाशी झाली, तीही एसीने. हा त्याच्या आयुष्यातला काळा डाग आहे, तो झाकण्यात अर्थ नाही.

शेवटी बाजारानेच निकाल दिला. १८९२ मध्ये एडिसनची कंपनी प्रतिस्पर्धी कंपनीत विलीन झाली, नवी कंपनी जनरल इलेक्ट्रिक झाली आणि नावातून एडिसन गळला. पुढच्याच वर्षीचं शिकागोचं जागतिक प्रदर्शन वेस्टिंगहाऊसच्या एसीने उजळलं. आपल्या भागाशी याचा थेट धागा आहे. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानातल्या शिवनसमुद्रम धबधब्यावरची वीज सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचली. यंत्रं पुरवली होती जनरल इलेक्ट्रिकने आणि वीज होती एसी. त्याच विजेवर १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यावर दिवे लागले.

ज्याचं नाव कुणी घेत नाही

एडिसनच्या घरातही अंधाराचे दिवस आले. रात्र-रात्र प्रयोगशाळेत असणाऱ्या या माणसाची पत्नी मेरी ऑगस्ट १८८४ मध्ये गेली, तेव्हा थोरली मुलगी अकरा वर्षांची होती. १८८६ मध्ये त्याने मिना मिलरशी लग्न केलं आणि वेस्ट ऑरेंजला नवी, मोठी प्रयोगशाळा उभारली.

१८९६ मध्ये क्ष-किरणांची बातमी आली आणि एडिसन त्यामागे लागला. किरण पडल्यावर कोणता पदार्थ जास्त चमकतो, हे त्याने शेकडो रसायनं तपासून पाहिलं. कॅल्शियम टंगस्टेट चांगलं चमकलं. मग कल्पना सुचली, काचेच्या नळीला आतून हा लेप दिला तर तंतू न तापवता, कमी विजेत दिवा होईल! आजची ट्यूबलाइट आणि सीएफएल याच तत्त्वाचे नातलग. पांढऱ्या एलईडीतही आत निळा प्रकाश असतो आणि त्यावरचा पिवळसर लेप तो पांढरा करतो.

या कामात एडिसनचा काचकाम करणारा सहायक होता क्लॅरेन्स डॅली. नळी चालते की नाही हे बघायला तो रोज स्वतःचा हात किरणांत धरायचा. धोका कुणालाच ठाऊक नव्हता. आधी कातडी जळाली, मग जखमा भरेनात, मग कर्करोग. दोन्ही हात कापावे लागले. १९०४ मध्ये तो गेला, चाळिशीही गाठली नव्हती. एडिसनने क्ष-किरणांचं काम कायमचं सोडलं आणि त्या दिव्याचाही नाद सोडला. काटकसरीच्या दिव्यासाठी कुणी काय मोजलंय, हे आपल्याला ठाऊक असावं म्हणून हे लिहिलं.

आणखी एक गोष्ट त्याच्या हातून निसटली. त्याच्या दिव्यांची काच आतून काळी पडायची. त्याचा शोध घेताना त्याला दिसलं, बल्बच्या पोकळीतूनही वीज एकाच दिशेने वाहते. त्याने पेटंट घेतलं आणि विषय बाजूला ठेवला. त्याच्या लंडनच्या कंपनीला सल्ला देणाऱ्या जॉन फ्लेमिंगने १९०४ मध्ये त्यातूनच डायोड बनवला. वीज एकाच दिशेने जाऊ देणारी वस्तू म्हणजे डायोड. एलईडीतला डी तोच. आतली रचना आणि पदार्थ वेगळे, पण काम तेच एकदिशा वाहतुकीचं.

मंद दिव्याचं गणित

आता डिमरचं बघू. जुन्या तंतूच्या बल्बला वीज कमी दिली की तो लालसर होतो आणि उजेड झपाट्याने पडतो. वीज निम्मी केली तर उजेड जेमतेम पाव उरतो. म्हणजे मंद केल्याने बल्ब जास्त दिवस टिके, पण प्रकाशाच्या मानाने वीज महागच पडे. त्यातून जुने डिमर म्हणजे निव्वळ रोध. पंख्याचा जुना खोक्यासारखा रेग्युलेटर आठवतो? कमी वेगावर हात लावला तर गरम लागायचा. वाचलेली वीज तिथे उष्णता होऊन उडायची.

एलईडीचं तसं नाही. उजेड निम्मा केला की वीजही जवळपास निम्मीच लागते. तेव्हा डिमिंगची खरी बचत एलईडीतच आहे. पण एक अट. बल्बच्या खोक्यावर डिमेबल लिहिलेलं हवं आणि भिंतीवरचा डिमर एलईडीला चालणारा हवा. साधा एलईडी जुन्या डिमरवर लावला की तो लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर जातो. पंख्याच्या रेग्युलेटरवर तर बल्ब लावूच नये. वायरमनला आधी दोन्ही खोकी दाखवा.

प्रत्येक खोलीत डिमर लागतही नाही. देवघर, झोपायची खोली, म्हातारी माणसं रात्री उठतात तो पॅसेज, इथे उपयोग होतो. तिथेही कमी वॅटचा वेगळा बल्ब स्वस्तात काम भागवतो. मात्र जुना झीरोचा बल्ब नावाला झीरो, खातो १५ वॅट. रात्रभर तो जाळण्यापेक्षा अर्ध्या वॅटचा एलईडी बरा. झोपायच्या खोलीत २७०० केल्विनचा पिवळसर घ्या, अभ्यासाला आणि ओट्यावर ४००० ते ६५०० चा पांढरा.

शेवटचा मिनिट

एडिसनच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंट जमा झाली. लोखंडाच्या खनिजाच्या धंद्यात त्याने मोठी रक्कम घालवली. डिसेंबर १९१४ च्या आगीत कारखान्याच्या बऱ्याच इमारती जळाल्या, तरी तो पुन्हा उभा राहिला. १९२९ मध्ये दिव्याला ५० वर्षं झाली, तेव्हा ८२ वर्षांच्या एडिसनने हेन्री फोर्डच्या गावी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्यासमोर तो जुना प्रयोग पुन्हा करून दाखवला.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंजला त्याचं निधन झालं. श्रद्धांजली म्हणून देशभरची वीज क्षणभर बंद करावी, अशी कल्पना पुढे आली. पण तोवर दवाखाने, पाणीपुरवठा, कारखाने सगळंच विजेवर आलं होतं. वीज बंद केली तर माणसं दगावतील, म्हणून तो विचार सोडावा लागला. त्याऐवजी हूव्हर यांनी लोकांना विनंती केली. २१ ऑक्टोबरला, अंत्यसंस्काराच्या रात्री १० वाजता, अमेरिकेत घरोघर लोकांनी आपापले दिवे मिनिटभर विझवले किंवा मंद केले.

वाचकहो, दिवाळीचे बल्ब घेताना एवढं करा. खोकं उलटं करून ल्युमेन बघा, वॅट बघा, भागाकार करा, होल्डर आणि डिमरचं जमतंय का तपासा, आणि मगच खिशात हात घाला. एडिसनचं नाव ज्या हिशेबामुळे झालं, तो हिशेब आता आपल्याला दुकानाच्या काउंटरवर दोन मिनिटांत करता येतो.